पणकाकांची नेमणूक

मामीकडून खुंटीला
१२ मार्च

त्या दिवशी सकाळी मी अंगणातला ओला भुसा खराट्यानं लोटत होते. आठवड्यापूर्वीच्या वादळानं आपल्या सुतारकामाच्या कारखान्याचं छप्पर उचलून मागच्या गल्लीत नेऊन ठेवलं होतं, आणि भुसा काही संपत नव्हता. एक कान गॅसवरच्या दुधाकडे. तुझी एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीची रिबीन शोधायला तू पलंगाखाली शिरली होतीस. तुझे मामा भिजलेल्या खिडक्या उन्हात टेकवून ठेवत होते आणि प्रत्येक खिडकीमागे वादळाला एक शिवी घालत होते. तेवढ्यात फाटकाशी एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. बगलेत छत्री, हातात पॅड. मी म्हटलं, "या ना, उघडंच आहे."

"पण घंटा आहे की," ते म्हणाले. त्यांनी फाटकातून हात आत घालून घंटा वाजवली आणि मगच आले.

तू पत्रात विचारलंस म्हणून एवढं सगळं आठवलं. हो, मामांचा क्लेम कापणारे विम्याचे सर्वेअर ते हेच. पणकाका हे नावसुद्धा तूच ठेवलंस, त्याच सकाळी, पलंगाखालून ओरडून: "मामी, ते पणकाका गेले का?" बिचारे दारातच उभे होते.

झालं असं होतं, की मामांनी क्लेममध्ये रंधा मारायचं मोठं मशीनही घातलं होतं. पणकाका मशीनखाली आडवे झाले, आरशाचा तुकडा धरून बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "पण हा गंज वादळाआधीचा आहे."

मामा भडकले. "तुमच्या घरावरून गेलं असतं ना वादळ, म्हणजे कळलं असतं!"

"गेलं. माझंही छप्पर उडालं. पण मी माझ्या क्लेममध्ये जुना पंखा नाही घातला."

मशीन क्लेममधून गेलं. मामा दोन दिवस जेवताना त्यांच्या नावानं खडे फोडत होते. मग एकदा मुकाट्यानं हात धुतले आणि म्हणाले, "माणूस खरा आहे गं. मशीन बंदच होतं." आणि तसेच उठून त्यांना चहाला बोलवायला गेले. ते म्हणाले, क्लेम मिटेपर्यंत तुमच्याकडे पाणीही घेणार नाही. क्लेम मिटला, पैसे आले, आणि एका संध्याकाळी घंटा वाजली. "आता चालेल," म्हणाले. ते जे चाललं ते मामा जाईपर्यंत चाललं.

मामा गेल्यावरही येतात, हे तुला माहीत आहे. रोज पाचला. मामांच्या खुर्चीत बसत नाहीत, कारखान्यातल्या जुन्या स्टुलावर बसतात आणि पाठ दुखते म्हणून मलाच ऐकवतात. चहात साखर इतकी घालतात की चमचा उभा राहावा. मी पुस्तक वाचते, ते ऐकतात. स्वतः का वाचत नाही विचारलं तर म्हणतात, "वाचायला बसलो की मी चुका शोधतो. ऐकताना नाही शोधत." पण शोधतातच! परवा गोष्टीतलं जहाज बुडालं, तर मला थांबवून विचारतात, "माल कसा रचला होता ते दिलंय का?" नाही दिलंय हो. लोक बुडतायत, तुम्हाला मालाचं काय पडलंय?

बाकी माझं बरं आहे. मामांचा टॉवेल अजून दाराआड टांगलेला असतो. धुते, वाळवते, परत टांगते. नवीन काही नाही त्यात.

पणकाकांबद्दल एवढी चौकशी का चालवलीस? त्यांचा क्लेम कापायचा आहे का?

~

खुंटीकडून मामीला
२१ मार्च

प्रिय मामी,

क्लेम नाही कापायचा. त्यांना नोकरी लावायची आहे! हसू नकोस.

मी कचेरीत नेमकं काय करते ते तू चारचौघांत "ती पाण्याच्या खात्यात आहे" एवढंच सांगतेस, म्हणून यावेळी नीट लिहिते. आमच्या खात्याकडे धरणं आहेत, कालवे आहेत, पंपघरं आहेत. खात्याचा हिशेब आणि कारभार बरोबर चाललाय का, आणि कुठे काय बिघडू शकतं, हे बघायला एक समिती असते. तिच्यात बाहेरची माणसं घेतात. खात्याची नोकर नसलेली, खात्याकडून काही मिळण्याची आशा नसलेली. त्यांचं काम सल्ला देणं आणि प्रश्न विचारणं. समितीच्या बैठका भरवणं, कागद पुरवणं, काय ठरलं ते लिहिणं हे माझ्याकडे. हे काम मला यंदाच मिळालं, आणि मामी, मला ते फार आवडतं.

दोन वर्षांपूर्वी धरणाचा एक दरवाजा अडकला आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं, आठवतं ना? आधीच्या अहवालात त्या दरवाजासमोर लिहिलं होतं, "जोखीम: मध्यम." समितीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी तो अहवाल वाचला होता. मी जुनी टिपणं काढून बघितली. मध्यम म्हणजे काय, असं एकानंही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी चहा चांगला असल्याचं मात्र नोंदवलं होतं.

आता तिघांची मुदत संपली आहे, नवे तिघे घ्यायचे आहेत. जाहिरात दिली. अर्ज बरेच आलेत, आणि अर्ज करणारे इतके गोड बोलतात की मला मधुमेह होईल. एकानं लिहिलंय, "खात्याच्या उत्तम कामात माझा खारीचा वाटा असावा." अरे, काम उत्तम आहे की नाही तेच तर तू बघायचंय!

म्हणून मला पणकाका आठवले. मी त्यांना स्वतः सांगणं बरं दिसणार नाही, आणि निवडीतून मी पूर्ण बाहेर राहणार आहे, तसं वरिष्ठांना सांगूनही टाकलंय. जाहिरात तर सगळ्यांसाठी आहे. कात्रण सोबत ठेवलंय, ते त्यांना फक्त दे. अर्ज करायचा की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

एकच गोष्ट. त्यांची निवड झाली तर जुनी ओळख चालेल, ती उघड सांगितली म्हणजे झालं. चालू येणं-जाणं मात्र चालणार नाही. मी महिन्याला तुझ्याकडे येते, ते रोज येतात. उद्या ते खात्याबद्दल काही बोलले किंवा बोलले नाहीत, तरी लोक म्हणणार, दोघं एकाच किटलीतला चहा पितात. म्हणजे मुदतीची तीन वर्षं त्यांचं तुझ्याकडे येणं बंद. तुझी एकदाची सुटका! साखर वाचेल, जहाजं निवांत बुडतील, आणि तो स्टूल मला दे, माझ्या खोलीत कुंडीखाली हवाय.

तुझी खुंटी

~

मामीकडून खुंटीला
९ एप्रिल

उत्तराला उशीर झाला. नळ दुरुस्त करणारा येतो येतो म्हणून चार दिवस आला नाही, आला तर पाना विसरून आला. त्यात तुझं कात्रण रेडिओमागे पडलं होतं, ते सापडेना. काल सापडलं आणि काल दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. नेहमीसारखं "पण" म्हणाले आणि कात्रणाची घडी घालायला लागले. मी म्हटलं, "काय पण?" म्हणाले, "पण मी सत्तरी ओलांडली." मी म्हटलं, "जाहिरातीत वयाची अट नाही." म्हणाले, "पण सरकारात मी कधी कोणाला ओळखत नव्हतो." मी म्हटलं, "तेच तर हवंय त्यांना." हे मी कोणत्या तोंडानं म्हणाले देव जाणे, कारण ओळखतात तर ते तुला, आणि तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून.

येणं-जाणं बंद करायचं ते मी शेवटी सांगितलं. ते चहात साखर घालत होते. एकच चमचा घातला, ढवळलं, प्यायले. मी म्हटलं, "आज गोड नको का?" म्हणाले, "चालतो असाही." मग छत्री घेऊन गेले. आभाळात ढग नव्हता, पण छत्री त्यांच्या हाताला लागतेच.

अर्ज करतील असं वाटतं. त्या दरवाजाबद्दल फार खोदून विचारत होते. दरवाजा कोणी बनवला, तेल कोण घालतं, तेल घालणारा रजेवर गेला तर कोण घालतं. मला काय माहीत? मी म्हटलं, "अर्ज करा आणि त्यांनाच विचारा."

सुटकेचं म्हणशील तर बरंच होईल. पाच वाजता दुसऱ्या कामाला वेळ मिळेल. कपाटं आवरायची राहिलीत. मामांच्या पटाशा आणि करवती अजून तशाच पेटीत आहेत, त्यांना तेल लावायचं आहे. पुस्तकही सध्या फार संथ चाललंय. दोघांचंही लक्ष नसतं, मग मी एकेक पान पुन्हा वाचते.

स्टूल कुंडीखाली देणार नाही. एक पाय आखूड आहे, कुंडी पडेल. मामांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता, म्हणायचे, पाहुणा फार वेळ बसू नये. त्यावर एक माणूस तीस वर्षं बसला, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

या महिन्यात येशील तेव्हा जाडी चादर घेऊन जा. तुझ्या खोलीतली उशीही बदलायला झाली आहे.

~

खुंटीकडून मामीला
३० मे

प्रिय मामी,

या महिन्यात आले नाही, राग मानू नकोस. मुलाखती चालू असताना मी तिकडे येणं मलाच बरं वाटेना. आज सगळं आटोपलं. आता सांगते.

मी मुलाखतीच्या खोलीत नव्हते. पण आमच्या हिशेबनीस बाई होत्या, त्यांनी बाहेर येऊन मला डब्यासमोर बसवलं आणि अभिनयासकट सगळं सांगितलं. गोड गृहस्थ आधी झाले. त्यांना विचारलं, "खात्यापुढची सगळ्यात मोठी जोखीम कोणती वाटते?" ते म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं निवृत्त होणं." अध्यक्ष लाजले म्हणे.

मग पणकाका. बसायच्या आधीच वर बघत राहिले. त्या खोलीचं छत गळतं, कोपऱ्यात वर्षभर एक बादली ठेवलेली असते. आम्हाला ती आता दिसतही नाही. त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांनी खात्यानं आधी पाठवलेली जोखमींची यादी पुढे ठेवली आणि म्हणाले, "यादी चांगली आहे. पण तुमच्या डोक्यावर गळतंय आणि ती बादली यात नाही. जी बादली रोज दिसते ती तुम्ही लिहिली नाहीत, तर जो दरवाजा पाण्याखाली आहे त्याचं तुम्ही काय लिहिलं असेल?" हिशेबनीस बाई म्हणतात, तेवढ्यात बादलीत एक थेंब पडला. हा त्यांचा मीठमसाला असेल.

आणि मग मामी, शेवटचा प्रश्न. तो सगळ्यांना तोंडी विचारतात: खात्यातल्या कोणाशी तुमचं नातं, देणं-घेणं, येणं-जाणं? इतर सगळे "छे छे" म्हणून मोकळे झाले. पणकाका किती तरी वेळ बोलत होते. माझ्याबद्दल सांगितलं, पलंगाखालची मुलगी म्हणून. मामांबद्दल सांगितलं, मशीनसकट. आणि मग म्हणाले, "तिच्या मामींकडे मी रोज संध्याकाळी जातो. त्या वाचतात, मी ऐकतो. मित्र गेल्यापासून माझ्या दिवसाला तेवढीच एक जागा आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण ही गोष्ट लहान नाही."

अध्यक्षांनी विचारलं, "आणि ते थांबवावं लागलं तर?"

ते म्हणाले, "पण ते माझ्या एकट्याचं नाही. त्यांना विचारावं लागेल."

मामी, हे ऐकल्यावर मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. तू सगळ्या पत्रांत त्यांच्या साखरेची, पाठीची, जहाजाच्या मालाची तक्रार करत आलीस आणि मी ती तक्रारच समजले. लोकांच्या अहवालातलं "मध्यम" वाचून मी संतापते, आणि तुझं "बरंच होईल" वाचून पान उलटलं. "सुटका" असं मी लिहिलं होतं! माझे हात का नाही मोडले.

निवड झाली आहे त्यांची, एकमतानं. पत्र आजच गेलं. त्यांचं उत्तर यायचंय. पण एक मार्ग आहे. समितीचं काम मी सोडू शकते. फर्निचर वाटपाचं टेबल रिकामं आहे, मी मागितलं तर उद्या मिळेल. मग ते तुझ्याकडे येऊ शकतात आणि मीही. मला वाईट वाटेल, नाही असं नाही, पण मी तरुण आहे, मला दुसरं काम मिळेल. तू खरं सांग. या वेळी "बरं आहे" लिहिलंस तर मी पुढच्या गाडीनं येईन.

तुझी खुंटी

~

विम्याच्या निवृत्त सर्वेअरकडून वहिनींना
३ जून

वहिनी,

हे समोर बसून सांगितलं असतं तर पहिला शब्द "पण" निघाला असता, आणि तुम्ही हसला असता, आणि राहून गेलं असतं. म्हणून गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला पोस्टानं पाठवतो आहे.

निवडीचं पत्र आलं. मी उत्तर दिलेलं नाही.

काल खालच्या वस्तीत जाऊन आलो. घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून आहे. रंग दिला तरी वर येते. एका घरात त्या रेघेच्या वर खिळे ठोकून मुलांची दप्तरं टांगलेली होती. मी विचारलं, इतकी उंच का, मुलांचा हात कसा पोचतो? बाई म्हणाली, "नाही पोचत. रोज मी काढून देते." ती चिडलेली नव्हती. मला ते जास्त लागलं.

तेव्हा हे काम मला करावंसं वाटतं. हे एक.

दुसरं असं. तुमचे यजमान गेले त्या आठवड्यात पाच वाजता मी घरातून निघायचो आणि कोपऱ्यावरून परत जायचो. घरात पुरुष माणूस नाही, जावं की नाही कळेना. तुम्ही फाटकाशी येऊन म्हणालात, "भाऊजी, घंटा वाजवायची असते, विसरलात का?" ते मी विसरलेलो नाही.

पलंगाखालच्या ताईनं तिचं काम सोडायचं म्हटलं असेल, तर तिला सोडू देऊ नका. तिनं तुमच्याकडे यायचं थांबवावं हा विचार तर मनातही आणू नका. राहिलो मी.

शनिवारपर्यंत मी येत नाही, तुम्ही विचार करा. तुम्ही "नको" म्हणालात तर मी कारण विचारणार नाही. खात्याला नकार कळवीन आणि शनिवारी नेहमीच्या वेळी येईन. "जा" म्हणालात तर शनिवारी शेवटचा येईन. रस्त्यात भेट झाली तर नमस्कार करायला हरकत नाही, असं मी कचेरीत विचारून घेतलं आहे. तिथल्या कारकुनाला प्रश्न कळला नाही, मी दोनदा विचारला.

आणि "जा" म्हणालात तर एक विनंती. पुस्तक जिथे थांबलं असेल, तिथून पुढचं वाचू नका.

~

मामीकडून खुंटीला
११ जून

तू गाडी पकडू नकोस. "बरं आहे" असं मी लिहिणार नाही.

आधी तुला कात्रणाचं सांगते. ते रेडिओमागे पडलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ते पुस्तकात ठेवलं, पुढच्या प्रकरणात, आणि मनाशी ठरवलं की वाचत वाचत तिथे पोचलो की देईन. मग मी सावकाश वाचायला लागले. एकेक पान दोनदा. एकदा शिंका आल्याचं सोंग केलं. एकदा म्हटलं, आज डोळे चुरचुरतायत. शेवटी त्या दिवशी गोष्टीतलं दुसरं जहाज बंदराला लागलं, प्रकरण संपलं, आणि कात्रण त्यांच्या पायाशी पडलं.

तुला माहीत आहे, मी वाचायला शिकले ती लग्नानंतर. मामा बिजागऱ्या आणायचे त्या जुन्या वर्तमानपत्रांत बांधून यायच्या. बिजागऱ्या काढून घेतल्या की कागद माझा. अक्षर लावत लावत वाचायचे, आणि बातमी नेमकी फाटलेली असायची. आग लागली, आणि फाटलेलं. मुलगी घरातून निघाली, आणि फाटलेलं. पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. म्हणून मी पुस्तक हातात आलं की आधी शेवट बघते. मामा हसायचे. पणकाकांबरोबर वाचायला लागल्यावर मात्र मी कधी शेवट बघितला नाही. त्यांच्याइतकंच मला माहीत असावं असं वाटायचं.

तेव्हा सुटका वगैरे काही नव्हती गं. मला ती वेळ हवी होती. सकाळपासून मी तिच्याकडे बघत असायचे. हे तुझ्याजवळ बोलायची मला लाज वाटली असंही नाही. मामांची जागा कोणी घेतली असं तुला वाटेल अशी भीती वाटली. तसं नाही. ती जागा कोणी घेत नाही, ती आहे तिथे आहे. ते स्टुलावर बसायचे.

त्यांचं पत्र आलं तेव्हा मी तीन दिवस कोणालाच उत्तर दिलं नाही. कपाटं आवरली. मामांच्या पटाशांना तेल लावलं. मामा असते तर काय म्हणाले असते ते मला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं, ऐकायचं नव्हतं म्हणून मी करवतींनाही तेल लावलं.

शनिवारी पाचला घंटा वाजली. आत आले, स्टुलावर बसले, छत्री मांडीवर आडवी. म्हणाले, "तुमचं उत्तर?"

"आधी चहा घ्या."

"पण उत्तर..."

"भाऊजी, मी 'नको' म्हटलं असतं तर तुम्ही खरंच राहिला असता?"

"हो."

"कारण न विचारता?"

"तसं लिहिलंय मी."

"मग झालंच वाटोळं," मी म्हटलं. "या घरात तुम्ही पहिल्यांदा आलात तेच 'पण' म्हणत. कारण न विचारता गप्प बसणारा माणूस मला पाच वाजता समोर कशाला हवा? तसले तर त्या समितीत पुष्कळ होते. जा तुम्ही."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, मी फार कडक बोलले. मग बघते तर ते साखर घालत होते. एक, दोन, तीन चमचे. चौथा घालताना माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घाला हो, आज घाला."

मी विचारलं, "तीन वर्षं म्हणजे आपल्या वयाला किती होतात?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, छताकडे बघून, जसा ते मशीनखाली आडवे होऊन करायचे तसा. आणि म्हणाले, "जोखीम मध्यम."

आणि स्वतःच हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःच्या बोलण्यावर हसताना पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना. पदरानं डोळे पुसावे लागले. हसून हसून असं तू समज.

वाचलं मी त्या दिवशी, चांगलं वाचलं. कुठे अडखळले नाही. जहाज पुन्हा निघालं आहे, या वेळी माल कसा रचला तेही दिलं आहे, तर केवढे खूश झाले. अंधारून आल्यावर मी खूण घालून पुस्तक मिटलं. स्टूल कुठे ठेवू विचारलं, तर म्हणाले, "आहे तिथेच असू दे. पण पाय सारखे करून घ्या, कोणी पडेल." मी म्हटलं, "तीन वर्षांनी तुम्हीच करा."

फाटकापर्यंत मी गेले. ते बाहेर पडले, फाटक लावून घेतलं, आणि आत हात घालून घंटा वाजवली. येताना वाजवतात, जाताना कधी वाजवली नव्हती. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "चालतेय की नाही बघितलं."

आता तुला. तुझं टेबल सोडू नकोस. फर्निचर वाटायला तुझ्याशिवाय माणसं मिळतील. ते फार प्रश्न विचारतील, तुझी कामं वाढतील, तुझे वरिष्ठ तुझ्यावर वैतागतील. तू कागद पुरवत राहा. ते बरोबर असले तर त्यांच्या बाजूनं लिही आणि चुकले तर चुकले असंही लिही. जुनी ओळख म्हणून सांभाळून घेऊ नकोस, ते त्यांना आवडायचं नाही. त्यांच्याविषयी मला काही सांगूही नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. बैठकीत त्यांच्यापुढे साखरेचं भांडं मात्र भरलेलं असू दे, ते तर सगळ्यांसाठीच असतं.

आणि ती बादली तेवढी काढा. छप्पर नीट करून घ्या म्हणजे झालं.

पुढच्या शनिवारी ये. उशी नवीन भरली आहे. संध्याकाळी पाचला मी जरा गप्प असेन, तू बोलत राहा.

पुढचं वाचू नका, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. मला फाटलेली बातमी कशी छळते ते तुला माहीत आहे. पुस्तक टेबलावर होतं, खूण त्यात होती, आणि शेवटचं पान माझ्या हातापासून लांब नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी चहा केला, स्टुलासमोर बसले, आणि पुस्तक पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.